खत कुजले का? मृगापूर्वी तपासून घ्या

वैशाखात उकिरडे उपसायची घाई असते. ट्रॉल्या भरतात, शेतात ढीग पडतात आणि खताचे काम झाले असे वाटते. पण त्या ढिगात पऱ्हाटी, धसकटे, उसाचे पाचट अजून ओळखू येत असेल, तर ते खत नव्हे. असा कच्चा माल मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतलेच नत्र उचलतात. उगवलेले पीक पिवळे पडते आणि आपण वर युरिया टाकत राहतो. शिवाय वाळवीला खाद्य मिळते, आणि शेणखतातून हुमणीच्या अळ्या शेतात पोहोचतात त्या वेगळ्याच.

नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. पाणी साचून, हवा न मिळता सडलेला ढीगही काळाच दिसतो. त्याला आंबूस, कुबट वास येतो. नाकाला झोंबणारा वास आला तर नत्र अमोनिया होऊन उडते आहे असे समजा. तयार खताला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो.

खरी परीक्षा उष्णतेची. सुरुवातीच्या आठवड्यांत चांगल्या ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते, मग हळूहळू उतरते. सकाळी लवकर, सावलीत ठेवलेली लोखंडी पहार ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा. पंधरा मिनिटांनी काढून टोकाला हात लावा. चटका बसला तर कुजणे चालू आहे. गार लागली तरी लगेच निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पुष्कळ ढीग कुजून नव्हे, तर कोरडे पडून गार होतात. वरखाली करा, मुठीत दाबल्यावर ओल जाणवेल पण पाणी निथळणार नाही इतपत भिजवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा पहार घाला. पुन्हा तापला, तर काम अर्धवट आहे.

भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसाठी एवढ्यावर थांबू नये, कारण कच्च्या खताचा फटका कोवळ्या मुळांना आधी बसतो. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मे खत घ्या. दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे पेरा. आठवडाभरात खताच्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा मुळांची टोके करपलेली दिसली, तर ते खत रोपांना देऊ नका.

कच्चे निघालेले खत खरिपाच्या हट्टापायी पसरू नका. शेणाचा काला शिंपडून ढीग पुन्हा रचा, पावसाने धुपू नये म्हणून झाका आणि रब्बीला वापरा. गाजरगवत बी धरल्यावर ढिगात गेले असेल, तर बाहेरचा थर आत घालून सगळा माल तापू द्या.

तयार खताचेही ढीग उन्हात आठवडेच्या आठवडे सोडू नका, त्यातले नत्र उडून जाते. ज्या दिवशी पसराल, त्याच दिवशी वखराची पाळी देऊन ते मातीआड करा.