पाठ ११ : माइक घेण्याआधी खोली ऐका

वाचण्यापूर्वी
तुमच्या फोनमध्ये आजी-आजोबांचा आवाज साठवलेला आहे का? तो शेवटचा कधी ऐकलात? वर्गात दोन वाक्यांत सांगा.

पाठ

मित्रांनो, या वर्षी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी प्रकल्पासाठी ‘घरचा पॉडकास्ट’ हा विषय घेतला आहे. तेव्हापासून मला एकच प्रश्न येतोय, “दादा, कोणता माइक घेऊ?” उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगतो.

२०१८ साली माझी आजी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. तिचं सासर सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन तिथे आली होती. ती गोष्ट ती अशी सांगायची की सगळं डोळ्यांसमोर उभं राहायचं. गोठ्यातली म्हैस आधीपासून कशी दावं ओढत होती, फळीवरची भांडी कशी धडाधड पडली, सासूने तिला हाताला धरून अंगणात कसं ओढलं.

मी पडलो आयटीवाला! वाटलं, काम चांगलं व्हायचं तर वस्तू महाग हवी. मी एक भारी कंडेन्सर माइक मागवला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि आजीला समोर बसवलं. चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि न ऐकताच जपून ठेवलं. आजी परत गेली. पुढच्या वर्षी ती वारली. त्यानंतर एकदा मी ती फाइल उघडली. फ्रिजची घरघर स्वच्छ ऐकू येत होती. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची पावलंही स्वच्छ. आजीचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. काही शब्द तर अजूनही लागत नाहीत.

मग बायकोच्या फोनमध्ये एक छोटी फाइल सापडली. फक्त नऊ मिनिटांची. एका रात्री आजी गोधडी पांघरून पलंगावर बसली होती आणि बायकोने सहज तिच्या तोंडाजवळ फोन धरला होता. त्यात तिचा शब्दन् शब्द कळतो.

साधा फोन चालला आणि महाग माइक फसला. असं का झालं?

आधी खोली

माइकमध्ये दोन आवाज शिरतात. एक तोंडातून सरळ येणारा आणि दुसरा भिंतींवर आपटून परत येणारा. तुम्ही माइकपासून दुप्पट लांब गेलात, तर सरळ येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून लांबून बोललेलं विहिरीतल्यासारखं वाटतं.

लाकडी जमीन, मोठ्या काचा, मोकळ्या भिंती असलेल्या खोलीत टाळी वाजवून बघा. टाळीनंतर ‘टंण्’ असा आवाज रेंगाळला, तर ती खोली सोडा. गादी, पडदे, गालिचा, कपड्यांनी भरलेलं क्लोजेट हे सगळं आवाज शोषून घेतं. आजीच्या गोधडीने त्या रात्री हेच काम केलं होतं. मग फोनवर दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. फ्रिज, हीटिंगचा ब्लोअर, रस्ता... आपले कान ज्याकडे दुर्लक्ष करतात, ते सगळं माइक ऐकतो.

मग माइकचा प्रकार

माइक मुख्यतः दोन प्रकारचे. डायनॅमिक माइकमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं असतं आणि भोवती चुंबक असतो. आवाजाने पडदा हलला की वेटोळं हलतं आणि तारेत वीज तयार होते. मी मराठी शाळेत याला ‘विद्युत चुंबकीय प्रवर्तन’ म्हणायला शिकलो. हा शोध मायकेल फॅरेडेने १८३१ साली लावला. गाण्याच्या कार्यक्रमात गायकांच्या हातात दिसणारा शुअर एसएम५८ हा याच प्रकारचा. तो १९६६ पासून बाजारात आहे.

कंडेन्सर माइकमध्ये अतिशय पातळ पडद्याच्या मागे अगदी जवळ एक पट्टी असते. पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यातून आवाजाची नोंद होते. हा माइक जास्त संवेदनशील असतो. शांत, मऊ खोलीत तो आवाजातले बारकावे सुंदर पकडतो. स्वयंपाकघरात मात्र तो फ्रिजचेही बारकावे पकडतो!

डायनॅमिक माइक फ्रिजचा आवाज गाळून टाकतो, असं काही जण सांगतात. तसं नाही. त्याच्या अगदी जवळ बोलावं लागतं, म्हणून आपला आवाज मोठा आणि बाकीचे आवाज लहान राहतात. घरातल्या साध्या खोलीसाठी म्हणूनच तो सोयीचा.

माइक कुठल्या दिशेने ऐकतो, हेही खोक्यावर लिहिलेलं असतं. ‘कार्डिऑइड’ म्हणजे हृदयाच्या आकाराचा. तो समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकतो. त्याची पाठ गोंगाटाकडे करायची.

जोडणी कशी?

यूएसबी माइक सरळ कॉम्प्युटरला लागतो. एक्सएलआर माइकला मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची वेगळी पेटी लागते. एक्सएलआरवरच्या कंडेन्सरला बहुतेक वेळा ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ही लागते. सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स असे काही डायनॅमिक माइक यूएसबी आणि एक्सएलआर दोन्हीवर चालतात. आज यूएसबीवर सुरुवात करा, पुढे पेटी घेतलीत तरी माइक तोच राहील.

मराठीची परीक्षा

तळहात तोंडासमोर धरा आणि ‘पणस’ म्हणा. आता ‘फणस’ म्हणा. दुसऱ्या वेळी हवेचा जास्त झोत लागला ना? आपले फ, भ, ख, घ, थ, ध हे महाप्राण वर्ण. फ आणि भ म्हणताना ओठ मिटून उघडतात, तेव्हा हवा सरळ माइकवर आदळते आणि ‘धप्प’ असा आवाज येतो. उपाय दोन आहेत. एक, माइकपुढे जाळीचा पॉप फिल्टर लावा. दोन, माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता थोडा बाजूला, पण तोंडाकडे वळवून ठेवा. अंतर चार बोटं ते एक वीत.

कोणताही माइक घेतलात की हे वाक्य रेकॉर्ड करून ऐका:
“फणसाच्या फोडी फडक्यात बांधून भाऊ भल्या पहाटे भाजीमंडईत गेला.”

आणि आजी-आजोबांसाठी?

त्यांना “माइकजवळ बोला, हलू नका” असं दर मिनिटाला सांगितलं, तर गोष्ट तिथेच संपते. त्यांच्यासाठी कपड्याला लावायचा छोटा कॉलर माइक बरा. असे छोटे माइक बहुधा इलेक्ट्रेट प्रकारचे असतात. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी हा प्रकार १९६२ साली बेल लॅब्समध्ये तयार केला. फक्त एक लक्षात ठेवा, आजी साडी नेसत असेल तर माइक पदराला लावू नका. पदर सळसळतो आणि प्रत्येक वेळी माइकवर घासतो. ब्लाउजच्या गळ्याजवळ लावा आणि आधी तिला विचारा, “आजी, तुझं बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल ना?”

तर मुलांनो, माझं उत्तर असं. या आठवड्यात काहीच विकत घेऊ नका. घरातली सगळ्यात मऊ खोली शोधा, फोन जवळ धरा आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मग त्याच दिवशी हेडफोन लावून ऐका. काय कमी पडतंय ते कळलं, की कोणता माइक हवा तेही कळेल. मी त्या दिवशी संध्याकाळी माझी फाइल ऐकली असती, तर आजी शेजारच्याच खोलीत होती. तिने गोष्ट पुन्हा सांगितली असती.

शब्दार्थ

दावं – गुरं बांधायची दोरी
गोधडी – जुन्या कापडांचे थर शिवून केलेलं पांघरूण
घुमणे – आवाज भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा ऐकू येणे
शब्द लागणे – शब्द नीट ऐकू येऊन कळणे
वीत – पंजा ताणल्यावर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर
महाप्राण – ज्याचा उच्चार करताना जास्त हवा बाहेर पडते तो वर्ण
सळसळणे – कापड किंवा पानं हलताना बारीक आवाज होणे

स्वाध्याय

१. लेखकाच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये कोणते आवाज स्वच्छ होते? का?
२. गोधडीचा काय उपयोग झाला?
३. डायनॅमिक आणि कंडेन्सर माइकमधला फरक तीन वाक्यांत लिहा.
४. ‘पेक्षा’ वापरून वाक्यं पूर्ण करा.
 (अ) लाकडी जमिनी____ गालिचा आवाज जास्त शोषतो.
 (आ) या घरात माझ्या____ आजी चांगली गोष्ट सांगते.
 (इ) माइक____ खोली महत्त्वाची, कारण ____________.
५. ‘फणस’ आणि ‘फोन’ हे शब्द मोठ्याने म्हणा. दोन्ही ‘फ’ सारखेच आहेत का? ओठांकडे लक्ष द्या.

उपक्रम
घरातल्या किंवा भारतातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, “तुम्ही माझ्या वयाचे असताना घडलेली, अजून आठवणारी एक गोष्ट सांगा.” पाच मिनिटं रेकॉर्ड करा. त्याच दिवशी ऐका. न कळलेले शब्द लिहून काढा आणि त्यांनाच अर्थ विचारा. पुढच्या तासाला ते शब्द आपण फळ्यावर लिहू.