पावसाळ्यात गाडी ठेवताना

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून हौशी लोक स्पोर्ट्स कार झाकून ठेवतात. आमच्या धारणीत हाच प्रश्न पावसाळ्याचा. मेळघाटातला घाटरस्ता नि पाऊस पाहून बाबा म्हणतात, "गाडी घरीच ठेव, एस्टीनं जाय!"

मागच्या वर्षी मी अर्ध्या टाकीवर ठेवून आलो. दिवाळीत पाहतो तर टाकीत गंज. बाबांची वीस वर्षांची गाडी. ते काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

कारण साधं. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं. पेट्रोलमधलं इथेनॉल ते ओढतं, आणि फार झालं की दोन्ही वेगळी होऊन तळाशी बसतात. म्हणून यंदा टाकी गळ्यापर्यंत भरली. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेस्तोवर चालवलं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, हळूच दोन किक, प्लग परत. बॅटरी काढली, आधी निगेटिव्ह. ती 12.4 व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करायची, नाहीतर प्लेटांवर सल्फेट जमतं. हे काम धाकट्या बहिणीकडे, मल्टिमीटरसकट! वरून प्लॅस्टिक नको, ओल कोंडते. आईचं जुनं लुगडं उत्तम. सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी बोळा कोंबला, त्याला लाल चिंधी बांधली. दिवाळीत किक मारायच्या आधी तो काढायचा आहे ना!