परीक्षा बदलली तरी

चि. सईस,


एमकॅट, म्हणजे अमेरिकेतली मेडिकल प्रवेशाची परीक्षा, बदलणार अशी कॉलेजात कुजबुज आहे आणि तू घाईघाईनं परीक्षा उरकायला निघाली आहेस, असं ताई म्हणाली. मी मेडिकल कॉलेजच्या प्रवेश समितीवर काम करते, म्हणून वेळेवर सांगते: असं करू नकोस.

मोठा बदल असा अचानक येत नाही. 2015 च्या एप्रिलात नवी एमकॅट आली, तिचा निर्णय 2012 मध्येच झाला होता. 45 पैकी गुण देणं थांबलं आणि 472 ते 528 अशी नवी मोजणी सुरू झाली. पुढं काही काळ जुन्या आणि नव्या गुणांचे अर्ज एकाच गठ्ठ्यात यायचे. अशा वेळी आकड्याशी आकडा ताडून चालत नाही. त्या परीक्षेला बसलेल्यांमध्ये हा विद्यार्थी कुठं आहे, हे पर्सेंटाइलवरून पाहावं लागतं. 2020 मध्ये कोविडमुळं साडेसात तासांची परीक्षा पावणेसहा तासांची झाली, पण मोजणी तीच राहिली. बदल सगळ्यांनाच सोसावा लागतो. त्यात तुझं एकटीचं नुकसान नाही.

नीटच्या यादीत एका गुणानं रँक कुठल्या कुठं जाते. इथं तसं नाही. एमकॅटच्या निकालातच एकूण गुणांना दोन कमी-दोन जास्त अशी मर्यादा दिलेली असते. 511 आणि 513 यांत आम्ही काय निवडणार? मग तुझी शिफारसपत्रं, रुग्णसेवा, मुलाखत बोलू लागते. मात्र एक लक्षात ठेव. एकदा लागलेला निकाल लपवता येत नाही, प्रत्येक प्रयत्नाचे गुण कॉलेजांना दिसतात. कच्च्या तयारीनं दिलेली परीक्षा अर्जाला चिकटून राहते.

2015 मध्ये मानसशास्त्र-समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग आला, तो ओझं समजून वाचू नकोस. माझ्याकडं मधुमेहाचे रुग्ण वाढलेली साखर घेऊन पुन्हा पुन्हा येतात. औषध ठाऊक असतं, पण इन्शुरन्स नसतो, रात्रपाळी असते, घरी वेळेवर जेवण नसतं. हे ज्याला विचारावंसं वाटत नाही, त्याच्या हाती रुग्ण कसा सोपवायचा? परीक्षेत बदल होतो तेव्हा उद्याच्या डॉक्टरकडून काय हवं आहे, तेच त्यातून कळतं.

तेव्हा अफवांवर तारीख ठरवू नकोस. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत गुण स्थिरावले, की मगच नाव नोंदव. तोवर क्लिनिकमधलं काम सोडू नकोस. मुलाखतीत मी असते तर तुला आधी त्याबद्दलच विचारलं असतं.

तुझी,
मावशी