शेजार जमवायचा कसा?



पुनरुत्थान सणानंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी मी आळीआळीतून फिरतो, तेव्हा निघताना एक प्रश्न हमखास विचारतो : "शेजारी कोण राहतं?" वाडीतल्या जुन्या घरांत उत्तर लगेच मिळते, तीन पिढ्यांच्या नात्यागोत्यासह आणि कधी बांधाच्या भांडणासहही मिळते. नव्या इमारतींत मात्र नवराबायको एकमेकांकडे पाहू लागतात. "गुजराती आहेत वाटतं, फादर." "नाही हो, ते गेले. आता भाडेकरू आलेत." यंदा एका घरी सहा वर्षांचा मुलगाच पुढे झाला. समोरच्या आजींचे नाव, त्यांच्या मांजरीचे नाव आणि त्या संध्याकाळी एकट्याच पत्ते मांडून बसतात, हे सर्व त्याने मला सांगितले. आईवडिलांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

ज्यांना शेजारी ठाऊक नसतात, त्यांचे काय होते? पॅरिस शहरातील एक घटना सांगतो. तेथील सतराव्या प्रभागात अतानाझ पेरिफाँ नावाचे एक लोकप्रतिनिधी राहत. त्यांच्या परिसरातील एक वृद्ध महिला आपल्या घरात मरण पावली आणि चार महिने कुणाला पत्ता लागला नाही. पेरिफाँ यांना या गोष्टीची खंत लागून राहिली. त्यांनी १९९९ साली आपल्या प्रभागातील रहिवाशांना एक साधे आवाहन केले : मे महिन्यात एका संध्याकाळी प्रत्येकाने घरून काहीतरी खायला घेऊन जिन्यापाशी किंवा अंगणात यावे व शेजाऱ्यांसोबत बसावे. पहिल्याच वर्षी सुमारे ८०० इमारतींनी प्रतिसाद दिला. पुढे हा 'शेजाऱ्यांचा सण' फ्रान्सभर व युरोपातील अनेक देशांत पोहोचला. त्यात ना प्रमुख पाहुणे असतात, ना मंडप. ज्याच्या घरी जे शिजते ते तो आणतो.

आपल्याला चार महिन्यांची गोष्ट दूरची वाटेल. पण जुलै २०१८ आठवा. वसई-विरार परिसर दिवसचे दिवस पाण्यात होता, वीज नव्हती. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या लोकांनी तळमजल्यावरच्या लोकांना घरात घेतले, कुणी चहा केला, कुणी औषधे आणली. दोन दिवसांत सगळ्यांना सगळ्यांची नावे कळली. पाणी ओसरले आणि आठवडाभरात दारेही लागली. संकटाशिवाय आपल्याला शेजारी भेटूच नये काय?

हा प्रश्न पडला म्हणूनच दोन वर्षांपूर्वी आपण स्नेहमेळावा घेतला होता. तो फसला हे मी येथे मान्य करतो, कारण त्याच्या आखणीला होकार माझाच होता. मोठा मंडप, चारशे खुर्च्या, कानठळ्या बसवणारा आवाज आणि दीड तास उशिरा आलेले पाहुणे. त्यांच्या स्वागताला वीस मिनिटे, आभारांना पंधरा. मुलांची नृत्ये चांगली झाली, पण आपल्या मुलाचे नृत्य आटोपले की ते कुटुंब घरी जायचे. बसण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी होती : वाडीतले डावीकडे, इमारतीतले उजवीकडे, तरुण मागे मोटारसायकलींवर. दुसऱ्या दिवशी मी गायनमंडळातील मुलांना विचारले, "काल किती नव्या माणसांची ओळख झाली?" एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "फादर, कॅटरिंगवाल्याची."

सेमिनरीत असताना सॉक्रेटिसवर मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली आहेत. हा मनुष्य व्यासपीठावर चढला नाही, तो अथेन्सच्या बाजारात उभा राहून भेटेल त्याला प्रश्न विचारत असे, हेही त्यात लिहिले असणारच. पण ती केवळ इतिहासातील माहिती नाही, कामाची पद्धत आहे, हे मला त्या मेळाव्यानंतर उमगले. पॅरिसमध्येच मार्क सोते नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने १९९२ साली ही पद्धत पुन्हा सुरू केली. बास्तिय चौकातील एका कॅफेत ते रविवारी सकाळी मित्रांसोबत बसत. ही गोष्ट बाहेर कळली तेव्हा अनोळखी माणसे येऊ लागली. जमलेल्यांपैकी कुणीही विषय सुचवायचा, त्यातला एक निवडायचा आणि कॉफी घेत त्यावर बोलायचे. सोते १९९८ साली वारले, तरी ही बैठक मागे राहिली आणि तिच्यासारख्या बैठका अनेक गावांत निघाल्या.

आपल्याकडे व्याख्यानमालांची परंपरा थोर आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली आणि तिचा कित्ता महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी गिरवला. तिची थोरवी कमी न लेखता मी म्हणेन की तिच्यातून ज्ञान मिळते, शेजारी मिळेलच असे नाही. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखीच राहतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत मात्र श्रोत्याच्या प्रश्नाला फार मोठा मान आहे. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टीत त्यांनी जन्म वेचला. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा आरंभ कसा होतो ते पाहा. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे काही का देत नाही? म्हणजे हा ग्रंथ सुरू होतो तो श्रोत्याच्या तक्रारीने! त्या प्रश्नात थोडा राग आहे, आणि फादरांनी तो लपवला नाही. आज चर्चमध्ये उठून मला कुणी असे विचारले तर मी ते इतक्या शांतपणे लिहून ठेवीन का, याची मला खात्री नाही.

तेव्हा यंदा मे महिन्यात आपण निराळ्या रीतीने सुरुवात करू. जागा शोधायची गरज नाही, ती आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे : आळीतला क्रूस. मे महिन्यात आपण तेथे माळेची प्रार्थना करतो, उकडलेले चणे वाटतो आणि घरी जातो. आता चण्यांनंतर तासभर थांबायचे. वीस-पंचवीस माणसे पुरेत. त्याहून अधिक झाली तर पुढच्या क्रूसाजवळ दुसरी बैठक करावी. माइक नको. माइक आला की त्यामागे भाषण येते. खुर्च्या गोल मांडाव्यात, आणि कुटुंबाने एकत्र बसू नये, ही एकच सक्ती. पाहुणा बोलवायचा नाही, हार आणायचा नाही, वर्गणी काढायची नाही. वर्गणी आली की हिशेब येतो, हिशेब आला की समिती येते, आणि समितीत कोण नाही यावरून रुसवे येतात, हे मी तुम्हांला सांगायला हवे काय?

मग एक प्रश्न. प्रश्न निवडणे हेच खरे काम आहे आणि त्यावर आधी दोघा-तिघांनी बसून विचार करावा. "समाजात नीतिमूल्यांचा ऱ्हास होत आहे का?" असा प्रश्न कृपया नको. सर्वजण "होय" म्हणतात आणि दुसऱ्याच्या मुलांकडे पाहतात. प्रश्न असा हवा की ऐंशी वर्षांच्या आजीला आणि बारावीच्या मुलाला स्वतःच्या जगण्यातून उत्तर देता यावे, आणि उत्तर कोणते येईल हे विचारणाऱ्याला ठाऊक नसावे. उदाहरणार्थ, आपल्या आळीत पूर्वी किती बावखले होती आणि त्यांचे काय झाले? वरवर ही नुसती आठवण आहे. पण वाडीतल्या म्हाताऱ्याने बावखल कुठे होते ते बोट दाखवून सांगितले आणि त्याच जागी उभ्या असलेल्या इमारतीतला मनुष्य समोर बसलेला असला, की पावसाचे पाणी कुठे मुरायचे आणि आता ते कुणाच्या घरात शिरते, हे दोघांनाही एकदमच कळते. वाद होईल. होऊ द्या. तोंडओळख असलेल्यांचा वाद तक्रारअर्जातल्या वादापेक्षा बरा. बैठक चालवणाऱ्याने फक्त एवढे पाहावे की जो अजून बोलला नाही त्याला आधी संधी मिळेल आणि ज्याला फार बोलायची सवय आहे, मी त्यात आलोच, तो दोनदाच बोलेल.

प्रश्नाबरोबर एक कलाही हवी, कारण सर्वांना शब्दांनी बोलता येत नाही. गोव्यात साष्टी भागात कार्निव्हलच्या दिवसांत घरांसमोरच्या अंगणात जमिनीवरच खेळ करण्याची जुनी रीत आहे. त्यांना 'जमिनीवरचे खेळ' असेच म्हणतात. रंगमंच नाही, पडदा नाही, नट गावातलेच, गाणीही गावातल्याच घडामोडींवर. आपल्याला एकदम तेवढे जमणार नाही. पहिल्या बैठकीला प्रत्येक घराने एक अंगाई आणावी, असे मी सुचवतो. आपल्या म्हाताऱ्या बायकांना सामवेदीत, वाडवळीत येतात. मालवणहून आलेल्या ताईंना त्यांच्या येतील. गुजराती घरात हालरडुं असेल, उत्तरेकडच्या कुटुंबात लोरी. आवाज चांगला नसला तरी चालेल. अंगाई आजवर कुणी आवाज पाहून म्हटलेली नाही, आणि बाळानेही तक्रार केलेली नाही.

येथे काहींच्या मनात शंका येईल, आणि ती रास्त आहे : इतर धर्मांचे शेजारी क्रूसाजवळ येतील का, आणि आल्यास त्यांना हे आमिष तर वाटणार नाही ना? म्हणून आमंत्रण देताना स्पष्ट सांगावे. प्रार्थना साडेसहाला आहे, ती आमची आहे. गप्पा साडेसातला आहेत, त्या सर्वांच्या आहेत. ज्याला क्रूसाजवळ बसायला अवघड वाटते त्याच्यासाठी पुढची बैठक इमारतीच्या पार्किंगमध्ये घ्यावी, आणि त्यांनी आपल्या सणाला बोलावले तर आपणही जावे. जेवण आणताना शाकाहारी ताट वेगळे ठेवावे. सुके बोंबील घरी खाऊन यावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या दस्तऐवजात इतर धर्मीयांशी संवाद करण्यास आपल्याला सांगितले. संवादासाठी मोठ्या परिषदाच भरवाव्या लागतात असे नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण. त्याला एक व्याख्या हवी आहे, म्हणजे यादी करता येईल व बाकीच्यांना वगळता येईल. येशू त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्नच उलटा करून परत देतो : तिघांपैकी कोण त्या जखमी माणसाचा शेजारी झाला? शास्त्र्याने 'आहे' असे धरले होते, येशू 'झाला' असे विचारतो. या एका क्रियापदावर मला कितीतरी प्रवचने देता आली असती. मी ती दिलीही आहेत. पण समोरच्या आजींकडे पत्ते खेळायला गेला तो मुलगा.

पहिली बैठक मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, प्रार्थनेनंतर, बाजारपेठेच्या वाटेवरील क्रूसाजवळ होईल. घरची एक चटई, एक डबा आणि एक अंगाई आणावी. पाऊस लवकर आला तर शाळेच्या पडवीत बसू. तत्पूर्वी या आठवड्यात लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर बोलावे :

तुमच्या घराच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या सर्व माणसांची नावे तुम्हांला सांगता येतात का? येत नसतील तर कुणाची राहिली?

आपल्या आळीत एकटे राहणारे कोण आहे, आणि आज सकाळी त्यांना कुणी पाहिले?

ज्या शेजाऱ्याशी तुमचे बोलणे बंद आहे, त्याला आमंत्रण द्यायला कोण जाईल?