पोस्टडॉक म्हणजे पुन्हा शिकणं नव्हे

‘‘पीएचडी झाली ना, मग आता परत शिकायचंच?’’ फाइव्ह गार्डनच्या बाकावर वडाळ्याच्या एका ताईंनी मला विचारलं. लेक इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, आयसीटीत, म्हणजे जुन्या माणसांच्या यूडीसीटीत. प्रबंध सादर झालाय, व्हायव्हा बाकी आहे. रोज रात्री ती नेदरलँड्समधल्या प्राध्यापकांना मेल पाठवते. साठ झाले. उत्तरं दोन, दोन्ही नकार.

ताई, तिथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, ही सरळ नोकरी असते. विद्यापीठांचा सामायिक वेतनकरार आहे. आठवड्याचे 38 तास, बहुतेकदा पगाराची स्केल 10. 2025च्या जाहिरातींत सुरुवात करापूर्वी महिना साडेतीन हजार युरोंच्या आसपास. मे महिन्यात वर्षाच्या पगाराच्या 8 टक्के सुट्टीभत्ता, वर्षअखेरीला आणखी 8.3 टक्के. परदेशातून घेतलेल्या माणसाच्या पगारातला काही भाग पाच वर्षांपर्यंत करमुक्त राहू शकतो. त्यासाठी रुजू झाल्यापासून चार महिन्यांत विद्यापीठासोबत अर्ज केला, तर सवलत पहिल्या दिवसापासून लागते.

म्हणून शोधही नोकरीसारखाच घ्यायचा. ‘अकॅडमिक ट्रान्सफर’ या संकेतस्थळावर डेल्फ्ट, आइंडहोवन, ट्वेंटे, ग्रोनिंगेन, वाखेनिंगेन अशा विद्यापीठांच्या जागा मुदतीसह लागतात. प्रकल्प ठरलेला, पैसे मंजूर, माणूस हवा असतो. लेकीचा मेल मी पाहिला. ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू, मग दहावीचे टक्के, मग पारितोषिकं. संशोधन तिसऱ्या परिच्छेदात! तिथे उलट हवं: जाहिरातीत स्फटिकीकरणाचं काम असेल, तर आपण कुठला रिअॅक्टर चालवला आणि काय बिघडलं, काय सुटलं, हे पहिल्या चार ओळींत. व्हायव्हा व्हायचा असेल तर अपेक्षित तारीख सांगणारं गाइडचं पत्र जोडावं.

जाहिरात नसताना प्राध्यापकाला मेल करायचाच, तर मेरी क्युरी फेलोशिपसाठी करावा. तिची मुदत सहसा सप्टेंबरात असते, अर्ज यजमान प्राध्यापकासोबत लिहावा लागतो, तेव्हा मार्च-एप्रिललाच बोलणं लावायचं.

वाट काही नवी नाही. मुंबई विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकलेले राजामणी कृष्ण अॅमस्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले. रॉस टेलर यांच्यासोबतचं त्यांचं 1993चं मास ट्रान्सफरवरचं पुस्तक या विषयाच्या पोरांना ठाऊक असतं. पण दिवस सोपेही नाहीत. सरकारने उच्चशिक्षणाच्या निधीला कात्री लावली, तेव्हा 2025मध्ये तिथले प्राध्यापकच संपावर गेले. करार साधारण एक-दोन वर्षांचा. पुढे वाढेल का, हे मुलाखतीतच विचारावं. डच माणसं स्पष्ट बोलतात, स्पष्ट विचारलेलं त्यांना खटकत नाही. करार संपल्यावर संशोधकाला नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना मागता येतो.

घराचं मात्र आधी बघा. खोल्यांची टंचाई भयंकर आहे. ‘विद्यापीठ तात्पुरती राहायची सोय करतं का?’ हा प्रश्न निवड झाल्याच्या दिवशीच विचारायचा, आणि खोली न पाहता कुणालाही डिपॉझिट पाठवायचं नाही.

‘‘आम्ही काय करायचं?’’ ताईंचा खरा प्रश्न हा होता.

राहण्याच्या परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं. तुम्ही जन्मदाखला काढा. तिथल्या पालिकेत नोंदणीला तो लागतो. इंग्रजीत हवा, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल हवं.

‘‘आहे की आमच्याकडे,’’ त्या म्हणाल्या, आणि थबकल्या. ‘‘पण त्यावर तिचं नाव नाही. बारशाच्या आधीचा आहे तो.’’

एफ उत्तर वॉर्डाचं ऑफिस माटुंग्यातच आहे. सोमवारी जाते म्हणाल्या.