खेळाची पुरवणी : एक अर्थशास्त्रीय विचार

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

प्रास्ताविक

परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका भरली म्हणजे आपण पर्यवेक्षकांकडे पुरवणी मागतो. पुरवणीला स्वतंत्र अस्तित्व नसते; मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधली तरच तिला अर्थ. संगणकावरील व्यूहरचनेच्या खेळांच्या बाजारातही अशाच पुरवण्या विकल्या जातात. मूळ खेळ आधी विकत घ्यावयाचा, आणि त्याला जोडावयाचे नवे नकाशे, नवे राजे, नवे नियम पुढे वेळोवेळी पैसे भरून इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचे. खेळाडूंच्या बोलीत यास 'डीएलसी' म्हणतात. मी या लेखात 'पुरवणी' हाच शब्द वापरला आहे. आपल्यापैकी अनेक जण हे खेळ खेळतात आणि महिन्याच्या हातखर्चातून पुरवण्या घेतात. हा खर्च सार्थ केव्हा आणि व्यर्थ केव्हा, याचा विचार वर्गात शिकलेल्या संकल्पनांच्या आधारे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुरवणी कोठून आली?

खेळाला जोड देण्याची कल्पना जुनीच आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २' हा खेळ १९९९ साली आला आणि २००० साली 'द कॉन्करर्स' ही त्याची जोड आली. परंतु त्या काळी जोड म्हणजे खोक्यात घातलेली तबकडी. छपाई, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन हा सारा खर्च भरून निघावयाचा तर जोड भरघोसच असावी लागे. इंटरनेटवरून विक्री सुरू झाली आणि आणखी एक प्रत पोहोचविण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. मग लहानसा तुकडाही विकणे परवडू लागले. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळात केवळ घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकावयास ठेवले गेले आणि खेळाडूंमध्ये मोठाच गदारोळ झाला. तो खेळ व्यूहरचनेचा नव्हता. परंतु वितरणाचा खर्च घटला की विकावयाची वस्तू किती लहान होऊ शकते, हे त्यातून चांगले दिसते.

एक उदाहरण

स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीचा 'क्रूसेडर किंग्ज २' हा खेळ माझ्या मते या विषयाचा उत्तम नमुना आहे. मध्ययुगातील एका घराण्याचा प्रमुख होऊन लग्ने जुळवावयाची, वारस टिकवावयाचा, सरदारांना सांभाळावयाचे, प्रसंगी लढावयाचे, असे त्याचे स्वरूप. २०१२ साली तो आला तेव्हा नकाशावर मुसलमान सुलतान होते, परंतु खेळाडूला ख्रिस्ती सरंजामदारच होता येत असे. सुलतान होण्याची सोय त्याच वर्षीच्या 'सोर्ड ऑफ इस्लाम' या पुरवणीने झाली. २०१३ च्या 'द ओल्ड गॉड्स'ने मूर्तिपूजक टोळ्यांचे राजे खुले केले.

आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे २०१४ ची 'राजाज ऑफ इंडिया' ही पुरवणी. तोपर्यंत नकाशात भारत जवळजवळ नव्हताच. तो आला, आणि नकाशाची ही वाढ सर्व खेळाडूंना विनामूल्य मिळाली. परंतु हिंदू, जैन वा बौद्ध राजा होऊन खेळावयाचे तर पुरवणी विकत घ्यावी लागे. थोडक्यात, भूमी फुकट, सिंहासनाला मात्र किंमत!

पुढे २०१९ मध्ये कंपनीने मूळ खेळच फुकट केला. पुरवण्यांची विक्री चालू राहिली. २०२१ मध्ये दरमहा सुमारे पाच डॉलर वर्गणीत साऱ्या पुरवण्या वापरण्याची सोयही निघाली.

अर्थशास्त्राच्या चष्म्यातून

(१) पूरक वस्तू : एका वस्तूची किंमत उतरली की तिच्या पूरक वस्तूची मागणी वाढते, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. मूळ खेळ फुकट वाटण्यात औदार्य असेलही. पण पुरवण्यांचे गिऱ्हाईक वाढविण्याचा तो मार्गही आहे.

(२) मूल्यभेद : पुरवणी निघताच घेणारा उत्साही ग्राहक पूर्ण किंमत मोजतो. वर्षभर थांबणाऱ्याला तीच वस्तू सवलतीच्या दिवसांत बऱ्याच कमी किमतीत मिळते. येथे विक्रेता ग्राहकांची वर्गवारी त्यांच्या धीरावरून करतो. विद्यार्थ्याजवळ पैसा थोडा असतो, परंतु धीर धरणे त्याला शक्य असते.

(३) सीमांत उपयोगिता : हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याने मूळ खेळ शंभर तास खेळून त्याचे सारे डाव ओळखले आहेत, त्याला नव्या नियमांची पुरवणी नवा आनंद देते. ज्याला वारसाहक्काचे साधे नियमही अजून उमगलेले नाहीत, त्याला तीच पुरवणी गोंधळात टाकते. वस्तू एक, किंमत एक, उपयोगिता मात्र भिन्न. तेव्हा खेळ आणि साऱ्या पुरवण्यांचा संच एकदम घेणे हे पहिला प्रश्न वाचण्यापूर्वीच चार पुरवण्या मागून ठेवण्यासारखे आहे.

दुसरी बाजू

पुरवण्यांवर नेहमीचा आक्षेप असा की, पुरा खेळ तोडून तुकड्यातुकड्यांनी विकला जातो. बुद्धिबळाचा पट घ्यावा आणि किल्लेकोट करण्याची परवानगी वेगळी विकत घ्यावी, तसे हे झाले. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते पूर्ण सत्य नाही. 'क्रूसेडर किंग्ज २'ची शेवटची मोठी पुरवणी २०१८ साली आली. म्हणजे सहा वर्षे या खेळावर काम चालू होते, आणि पुरवणीबरोबर येणाऱ्या दुरुस्त्या व काही सुधारणा ती न घेणाऱ्यालाही मिळत होत्या. हा खर्च पुरवण्या घेणाऱ्यांनीच उचलला. २०२० मध्ये आलेल्या 'क्रूसेडर किंग्ज ३' मध्ये तर भारतातील राजे मूळ खेळातच खेळावयास मिळाले.

याउलट उदाहरणही आहे. नगररचनेचा 'सिटीज : स्कायलाइन्स २' हा खेळ २०२३ मध्ये अनेक उणिवांसह बाजारात आला. त्या पुरत्या दूर होण्यापूर्वीच मार्च २०२४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील घरांची पुरवणी विकावयास निघाली. ग्राहकांनी तिच्यावर इतकी कडक टीका केली की, पुढच्याच महिन्यात कंपनीने क्षमा मागून ती फुकट केली आणि सुटी घेणाऱ्यांचे पैसे परत करण्याचे ठरविले. मुख्य उत्तरपत्रिका कोरी असताना पुरवणी जोडली की काय होते, याचा हा धडा!

ग्राहकाने काय पाहावे?

पहिले, पुरवणीचा प्रकार. काही पुरवण्या केवळ सजावटीच्या असतात (चेहरे, सैनिकांचे पोशाख, संगीत), काही नवे राजे खुले करतात, तर काही खेळाचे नियमच बदलतात. तंगीच्या दिवसांत सजावट शेवटी.

दुसरे, मित्रमंडळी. 'क्रूसेडर किंग्ज २' सारख्या खेळांत अनेकांनी मिळून खेळताना यजमान खेळाडूजवळील पुरवण्या त्या डावापुरत्या सर्वांना मिळतात. आमच्या वसतिगृहात चौघे खेळतात आणि एकाजवळच्या पुरवण्यांवर चौघांचे भागते. सहकाराचे तत्त्व येथेही उपयोगी पडते!

तिसरे, परतीचा नियम. 'स्टीम' या दुकानात सर्वसाधारणपणे चौदा दिवसांच्या आत, आणि पुरवणी घेतल्यानंतर मूळ खेळ दोन तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत मागता येतात.

चौथे, मालकी. आपण वस्तू घेत नाही, वापरण्याचा परवाना घेतो. 'स्टीम'ने २०२४ पासून खरेदीच्या वेळी हे स्पष्ट लिहावयास सुरुवात केली. पुस्तक वाचून झाल्यावर ते रद्दीच्या दुकानात तरी विकता येते. पुरवणी विकता येत नाही, धाकट्या भावाच्या नावावरही करता येत नाही.

समारोप

पुरवणी ही मुळात वाईट वस्तू नव्हे, आणि ती विकणारा लबाडच असतो असेही नाही. परंतु आपली गरज किती, हे विक्रेता ठरवू शकत नाही; ते खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. दुकानाच्या पडद्यावर न घेतलेल्या पुरवण्यांची लांबलचक यादी पाहिली की आपला खेळ अपुरा आहे असे वाटू लागते. त्या वेळी यादीकडे न पाहता आपण प्रत्यक्ष किती खेळलो, याकडे पाहावे. मूळ खेळात शोधण्यासारखे काही उरले असेल, तर पुरवणीची वेळ अजून आलेली नाही असे समजावे. उरले नसेल, आणि खेळाची ओढ मात्र उरली असेल, तर पुरवणी खुशाल घ्यावी. तो पैसा वाया जाणार नाही.