धुराड्याची चूल : बसवायची कशी, सांभाळायची कशी



गेल्या काही महिन्यांत कोणत्याही गटाच्या बैठकीला बसलं की एक विषय निघतोच. "सिलिंडर आहे हो ताई, पण दर महिन्याला भरायला पैसे कुठून आणायचे? चहा-भाजी गॅसवर, आणि भाकरी, वरण, अंघोळीचं पाणी चुलीवर." उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. आपल्यातल्या बऱ्याच जणींकडे गॅस आला. पण चूल काही घराबाहेर गेली नाही. म्हणून या महिन्याचा धडा चुलीचा.

आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगते. धुराड्याची चूल साध्या चुलीपेक्षा बरी, पण ती गॅसची बरोबरी करत नाही. ज्या महिन्यात सिलिंडर भरणं जमतं, त्या महिन्यात गॅसच वापरा. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर त्यांना चुलीजवळ बसवूच नका. आणि जिथे चूल पेटणारच आहे, तिथे ती नीट पेटावी, यासाठी पुढचं सगळं.

धूर म्हणजे नुसतं डोळ्यातलं पाणी नाही

"आमच्या सासूचं आयुष्य धुरात गेलं, काय झालं तिला?" असं कुणीतरी म्हणतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त लेकरं होती. न्यूमोनिया, जुनाट खोकला-दमा, हृदयाचे आजार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू, या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. सासूबाईंचा पहाटेचा खोकला आपण "वयाचा" म्हणून सोडून देतो. तो चुलीचा असू शकतो.

मागच्या वेळी चुली का मोडल्या?

सुधारित चूल आपल्याला नवीन नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. पुण्याच्या 'आरती' या संस्थेची दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल आपल्या राज्यात बऱ्याच ठिकाणी गेली. तरी देशभर अशा कितीतरी चुली वर्ष-दोन वर्षांत बायांनीच काढून टाकल्या. का? भांडं भोकावर नीट बसेना. पाइप काजळीने भरला, तो कुणी साफ केला नाही, धूर उलटा घरात आला. चिरा पडल्या, लिंपायला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे चूल बसवणं एका दिवसाचं काम, पण ती चालवणं रोजचं काम आहे. हे कबूल असेल तरच पैसे घाला.

जागा ठरवताना

१. चूल भिंतीला लागून, धुराडं सरळ वर जाईल अशी हवी. पाइप आडवा जितका जास्त तितकी ओढ कमी. गरम धूर हलका असतो, तो वर चढतो आणि मागून हवा खेचतो. ही ओढ उंचीने वाढते.

२. दाराच्या अगदी समोर चूल नको. वारा आला की जाळ बाहेर येतो, धूरही उलटतो. पण खिडकी किंवा झरोका हवाच. बंद खोलीत कोणतीच चूल चांगली नाही.

३. कुडाची भिंत, लाकडी खांब, तुराट्यांचा ढीग, दोरीवरचे कपडे, हे सगळं चुलीपासून लांब. कुडाची भिंत असेल तर चुलीच्या मागे मातीचा किंवा विटांचा जाड थर द्या.

४. गॅसची शेगडी आणि चूल शेजारी-शेजारी ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली जमिनीलगत साचतो. आणि आपली चूल तर जमिनीवरच! शक्य असेल तर सिलिंडर वेगळ्या खोलीत ठेवा. गॅसचा वास आला तर आधी चूल आणि दिवा विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका, सगळे बाहेर पडा. बाहेर आल्यावर १९०६ ला फोन करा.

माती आणि बांधकाम

नुसती काळी माती वापरू नका, ती वाळताना फाटते. चिकणमाती घ्या, त्यात शेण आणि बारीक भुसा किंवा धानाचा कोंडा मिसळा. दोन-तीन दिवस भिजत ठेवून पायाने चांगली तुडवा. वारुळाची माती चांगली असते हे खरं, पण ती आणताना सापाचं भान ठेवा.

माती जमली का, हे कसं कळेल? मुठीएवढा गोळा करून सावलीत वाळवा. भेगा पडल्या तर थोडी रेती आणि भुसा वाढवा. हाताने चुरा झाला तर चिकणमाती वाढवा. गोळा जमल्यावरच चुलीला हात घाला.

साचा असेल तर काम सोपं आणि माप बरोबर. साचा नसेल तर शिकलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. त्याला आपली रोजची भांडी दाखवा. तुमचा तवा, तुमचं पातेलं, तुमचा गंज. भोकावर भांडं असं बसलं पाहिजे की कडेने जाळ किंवा धूर निसटणार नाही. दुसरं भोक म्हणजे आपला वैल. पहिल्या भांड्याखालचा जाळ आतल्या बोळातून वैलाखाली जातो आणि तिथून धुराड्यात. हा बोळ फार मोठा केला तर उष्णता सरळ धुराड्यातून पळते, फार बारीक केला तर धूर तोंडातून बाहेर येतो. म्हणून मनाने माप बदलू नका.

धुराडं

पाइप आतून तीन ते चार इंच रुंद असावा, आणि छपराच्या वर निदान दोन-तीन फूट जावा. वर टोपी हवी, म्हणजे पाऊस आणि पाखरं आत जात नाहीत. खाली साफ करायला झाकणाचं तोंड ठेवायला विसरू नका. बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच राहून जातं, आणि मग पाइप कधीच साफ होत नाही.

पत्र्याचा पाइप फार तापतो. लेकरांचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत त्याला मातीचा लेप द्या. गवताच्या किंवा लाकडी छपरातून पाइप नेताना भोवती मोकळी जागा सोडा आणि पत्र्याची चौकट बसवा. गवत पाइपला टेकता कामा नये. जुना अ‍ॅसबेस्टॉसचा पाइप मिळाला तरी तो करवतीने कापू नका, घासू नका. ती धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते.

घरची माणसं म्हणतात, "छपराला भोक पाडलं तर पाणी गळेल." काळजी रास्त आहे. पाइपभोवती पत्र्याचं कडं बसवून वरून नीट बंद केलं तर गळत नाही. तरी मनाची तयारी नसेल तर पाइप भिंतीतून बाहेर काढून बाहेरून वर न्या, फक्त आडवा भाग अगदी कमी ठेवा. हे बोलणं सुरू असताना तुम्ही मागे बसू नका. धूर तुम्ही खाता, तर पाइप कुठून जाणार यात तुमचा शब्द हवा.

पहिला जाळ

चूल निदान आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. मग दोन-तीन दिवस काडी-काडीचा बारीक जाळ करा. ओल्या चुलीत एकदम मोठा जाळ केला तर ती फुटलीच समजा.

मग उदबत्तीची चाचणी करा. दोन्ही भोकांवर भांडी ठेवा, बारीक जाळाने धुराडं थोडं गरम करा, आणि पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर चूल बरोबर. बाहेर आला तर पाइप, टोपी किंवा बोळ तपासा. कारागिराचे उरलेले पैसे या चाचणीनंतर द्या.

रोज वापरताना

● लाकूड वाळलेलंच हवं. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज आला पाहिजे. ओलं लाकूड आधी आपलं पाणी आटवतं, मग तुमची भाकरी भाजतं. पऱ्हाटी, तुराटी, गोवऱ्या पावसाळ्याआधी झाकून ठेवा.

● लाकूड बारीक फोडून थोडं-थोडं घाला. तोंड गच्च भरलं की हवा जात नाही आणि धूरच होतो.

● वैल मोकळा ठेवू नका. पाणी ठेवा, नाहीतर झाकण ठेवा.

● प्लॅस्टिक, टायर, फवारणीच्या औषधाचे डबे आणि पिशव्या चुलीत कधीही नाही. तो धूर विषारी असतो.

● पेटवायला रॉकेल, पेट्रोल ओतू नका. विझत आलेल्या निखाऱ्यावर तर अजिबात नाही.

● पदर खोचून, केस बांधून बसा. नायलॉनची साडी पेट घेते आणि अंगाला चिकटते, म्हणून सुती बरी.

● लेकरांसाठी चुलीपासून दोन-तीन हातांवर खडूची किंवा गेरूची रेघ ओढा. उकळतं पातेलं कडेला ठेवू नका.

● बाजूला पाण्याची बादली आणि रेतीचं घमेलं कायम भरलेलं असू द्या.

● राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात. राख पत्र्याच्या डब्यात काढा. पोत्यात, खोक्यात किंवा उकिरड्यावर गरम राख टाकू नका.

थंडीत एक मोठी चूक होते. घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपणं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि झोपेतच माणूस जातो. निखारे झोपायच्या खोलीत नेऊच नका. घरात कुणाला असं झालं तर दार उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

साफसफाई

राख रोज काढा. महिन्यातून एकदा चूल पूर्ण थंड असताना पाइप आणि आतला बोळ साफ करा. नाका-तोंडाला फडकं बांधा, काठीला चिंध्या किंवा ब्रश लावून काजळी खाली पाडा. साचलेली काजळी पेट घेऊ शकते. धुराड्यातून घुमल्यासारखा आवाज आला, ठिणग्या उडाल्या, तर लाकडं बाहेर ओढून विझवा, चुलीचं तोंड आणि भोकं पत्र्याने बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नका.

बारीक चिरा दिसल्या की त्याच दिवशी लिंपा. पण सारवताना भोकाच्या कडांवर थर चढवू नका. हळूहळू भोक लहान होतं आणि भांडं बसेनासं होतं.

भाजलं तर

जळते कपडे असतील तर पळू नका. जमिनीवर लोळा किंवा सुती चादर, घोंगडी गुंडाळा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं थंड पाणी वाहतं ठेवा. बर्फ नको. बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ ओलसर फडकं झाका. चेहरा, हात, गुप्तांग भाजलं असेल, जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा लेकरू भाजलं असेल तर थेट दवाखाना.

गटाने काय करायचं?

काही गटांत ऐकायला मिळतं, "शेळीला कर्ज देऊ, चुलीला कशाला? चूल काय पैसे कमावून देते?" माझं म्हणणं असं, की कमी लाकूड लागलं तर रानातली खेप वाचते, आणि खोकला कमी झाला तर दवाखान्याचा खर्च वाचतो. ती वाचलेली मजुरी आणि वाचलेला पैसा हीसुद्धा कमाईच. अंतर्गत कर्जातून छोटी रक्कम देता येते का, हे गटाने बसून ठरवावं. मी सांगते म्हणून नको, हिशेब मांडून ठरवा.

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा :

१. आपल्या गटात किती घरांत रोज चूल पेटते?
२. किती घरांत धुराडं आहे, आणि त्यातली किती चालू आहेत?
३. शेवटचा पाइप कधी साफ केला?
४. चूल आणि सिलिंडर एकाच ठिकाणी असलेली घरं किती?
५. लिंपणं आणि दुरुस्ती शिकायला कोणत्या दोघी तयार आहेत?

पाइप साफ करायचा एक ब्रश गटाने मिळून घ्या आणि बैठकीच्या आदल्या दिवशी तो घरोघरी फिरवा. म्हणजे तारीख लक्षात राहते आणि कुणाची चूल मागे पडत नाही. वहीतली उत्तरं ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. पाचव्या प्रश्नात ज्यांची नावं येतील, त्यांच्यासाठी शिकवणी कुठे आणि कधी घ्यायची, ते तिथेच ठरवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक